सहावी गाठ

आमच्या देवासच्या क्वार्टरच्या दाराला, उजव्या चौकटीवर, बोटभर लांबीची एक पितळी नळी तिरकी ठोकलेली होती. आत चामड्याच्या तुकड्यावर लिहिलेली प्रार्थना होती. जाता-येता नळीला हात लावायचा आणि बोटं ओठांना टेकवायची, एवढं आम्हा पोरींना माहीत. नवा पोस्टमन आला की तो ती नळी दाबायचा, आणि दाबून शांतपणे उभा राहायचा. बऱ्याच वेळाने त्याची हाक यायची, "भिया, आपकी घंटी खराब है." बाबा आतूनच म्हणायचे, "खराब नहीं है, उसकी आवाज़ ऊपर जाती है." पोस्टमन वरच्या मजल्याकडे बघायचा. वर कोणी राहतच नव्हतं, गच्ची होती.

आम्ही बेने इस्राएल. म्हणजे मराठी बोलणारे यहुदी, मूळ कोकणातले. बाबा तरुणपणीच देवासला कारखान्यात फिटर म्हणून आले आणि इथलेच झाले. कॉलनीत महाराष्ट्रातली पुष्कळ घरं होती, पण आमच्यातलं घर एकच, आमचं. आम्ही प्रार्थनेच्या जागेला मशीद म्हणतो, कोकणात सगळे आपले लोक तसंच म्हणतात. मी पहिलीत असताना बाईंना सांगितलं होतं की सुट्टीत आम्ही ठाण्याच्या मशिदीत गेलो होतो. बाईंनी माझ्या नावाकडे बघितलं, रूथ, मग मला न्यायला आलेल्या आईच्या कुंकवाकडे बघितलं, आणि हजेरीचं पुस्तक मिटलं. तेव्हापासून मला सवयच लागली, आपण कोण हे विचारत राहायची. अजून गेलेली नाही. चष्म्याचा नंबर वाढला, केस रंगवायचं सोडून दिलं, पण ही खोड आहे तशीच आहे.

माझं मराठी शाळेतलं नाही, तेही आधीच सांगून टाकते. शाळा हिंदी, मैत्रिणी माळवी, मराठी फक्त स्वयंपाकघरात. लिहायला मी नंतर एकटीने शिकले, आईच्या प्रार्थनेच्या मराठी पुस्तकावरून. तेव्हा कुठे वेलांटी चुकली असेल तर ती माझी, पुस्तकाची नाही.

घरात आम्ही पाच माणसं. आई, बाबा, माझी मोठी बहीण दीना, मी आणि हन्नाआत्या. हन्नाआत्या बाबांची थोरली बहीण. लवकर विधवा झाली आणि भावाकडे आली ती कायमची. तिला अक्षर येत नव्हतं. सही म्हणून ती एक मासा काढायची. का विचारलं तर म्हणायची, "मासा काढायला सोपा." पण सगळा धर्म तिच्यापाशी होता. कुठला मासा खायचा, खवले असलेला. बिनखवल्याचा मांगूर मिळाला फुकट तरी आणायचा नाही. दूध आणि मटण एका पंगतीत नाही. मटणाचा तर प्रश्नच नव्हता म्हणा, आमच्या पद्धतीने कापणारा माणूस देवासमध्ये कुठून आणायचा. ठाण्याला गेलो की आम्ही इतकं मटण खायचो की बाबांचे चुलतभाऊ, शालोमकाका, म्हणायचे, "एलिझर, देवासला दुष्काळ पडलाय का रे?"

शुक्रवार म्हणजे घरात वेगळाच वास. दुपारपासून काळ्या मनुका पाण्यात भिजत, संध्याकाळी आई त्या कुस्करून फडक्यातून गाळायची. द्राक्षाच्या दारूच्या जागी ते सरबत. शनिवारी चूल पेटवायची नाही म्हणून शुक्रवारीच दोन दिवसांचा स्वयंपाक, नारळाच्या दुधातलं कालवण, मुगाचं बिरडं, कापडात गुंडाळलेल्या चपात्यांची चवड. दिवस मावळायच्या आत आत्या काचेच्या पेल्यात अर्धं पाणी, वर तेल घालून वात लावायची. ती दिव्यावरून हात फिरवून डोळे झाकायची तेव्हा बाहेर टेकडीवरच्या देवीची आरती भोंग्यावर सुरू झालेली असायची. दोन्ही आवाज मी एकाच वेळी ऐकत मोठी झाले. मला ते एकाच गोष्टीचे दोन भाग वाटायचे. आत्याला तसं सांगितलं तर ती म्हणाली, "वाटू दे. पण हात जोडायच्या आधी डोळे झाक."

गोष्टी तिच्याकडे ढीगभर होत्या. आपले पूर्वज जहाजातून येत होते, कोकणच्या किनाऱ्याजवळ खडकावर जहाज फुटलं, सात पुरुष आणि सात बायका वाचल्या, बाकीच्यांना किनाऱ्यावरच पुरलं. पुस्तकं बुडाली, प्रार्थना बुडाल्या. ते तेलाचे घाणे चालवायला लागले, शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणायला लागले. मी विचारायची, "पुस्तकं बुडाली तर शनिवार कधी ते कसं कळलं?"

"बुडताना वार विसरतो का कोणी?"

"पण नंतर? शंभर वर्षांनी?"

"काल शुक्रवार होता म्हणून," आत्या म्हणायची आणि तांदूळ निवडायला घ्यायची.

नववीत इतिहासाच्या तासाला सरांनी जर्मनीचा धडा वाचला. त्यात यहूदी हा शब्द होता. किती लाख मारले ते सरांनी फळ्यावर लिहिलं, परीक्षेला येतं म्हणून. मी ते वहीत उतरवलं आणि घरी येताना अर्ध्या वाटेत थांबले. यहूदी म्हणजे आम्हीच की. आमच्या घरात तो शब्द कधी कोणी बोललं नव्हतं, आम्ही आपले इस्राएल लोक. आत्याला विचारलं. ती म्हणाली, "ते आपलेच. लांबचे होते, पण आपलेच." मी म्हटलं, आपल्याला इथे कोणी काही केलं का? "आपल्याला?" तिने आठवून बघितलं, खरोखर आठवून बघितलं. "तेल मागायला यायचे. शनिवारी नाही म्हटलं तर रविवारी यायचे." दोन हजार वर्षांचं एवढंच तिच्या कानावर आलं होतं. त्या दिवसापासून मी तिच्या मागेच लागले, आणि म्हणूनच तिने धागा माझ्या हातात दिला.

आमचे सण चंद्रावर चालतात. दरवर्षी शालोमकाका ठाण्याहून छापलेलं कॅलेंडर पाठवायचे, त्यात सगळे सण लाल. बाबा ते बघून तारीख सांगायचे. पण आत्याचं स्वतःचं एक वेगळं होतं. चैत्राच्या पुनवेच्या सुमाराला आमचा अनाशी ढाकायचा सण येतो, आंबवलेल्या रसाचं मडकं त्या आठवड्यात झाकून ठेवतात, आठ दिवस आंबवलेलं काही खायचं नाही. तो झाला की आत्या एक पांढरा सुती धागा घ्यायची आणि दर अमावास्येला त्याला एक गाठ मारायची. सहावी गाठ पडली की दुसऱ्या दिवशी नव्याचा सण, आमचं नवं वर्ष. त्यापुढे दहाव्या दिवशी दार फळणीचा सण. तो उपासाचा दिवस, वर्षभराच्या चुकांची माफी मागायचा. आदल्या संध्याकाळी दार लावून घ्यायचं, पांढरे कपडे, पाणीसुद्धा नाही, बाहेरच्या माणसाशी बोलायचं नाही, दुसऱ्या रात्री तारे दिसेपर्यंत. धागा आणि कॅलेंडर यांचा मेळ बसला की बाबा हसून म्हणायचे, "हन्नाक्का, ठाण्याच्या छापखान्याने तुझी नक्कल केली बघ." एखाद्या दिवसाचा फरक पडायचा कधी, त्याचं कोणी मनावर घेत नसे.

ज्या वर्षाची गोष्ट सांगते आहे त्या वर्षी दोन गोष्टी झाल्या. शालोमकाका बायकामुलं घेऊन इस्राएलला कायमचे गेले, त्यामुळे कॅलेंडर आलं नाही. आणि आत्याच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला. चंद्र तिला दिसेना, धाग्याची गाठसुद्धा बोटाने चाचपावी लागे. तिने धागा मला दिला. म्हणाली, "दर अमावास्येला एक. विसरायचं नाही, जास्त मारायची नाही. आता तुझ्यावर आहे." मला पंधरा वर्षं पूर्ण झाली होती. इतकं मोठं काम मला आजवर कोणी दिलं नव्हतं.

मी अमावास्या आमच्या स्वयंपाकघरातल्या हिंदी कॅलेंडरवर बघायची. पाच गाठी बिनचूक मारल्या. मग भादव्यात कॅलेंडरवर काहीतरी विचित्र दिसलं, भादवा दोनदा छापला होता, पहिला आणि दुसरा. शेजारच्या पाटीदारकाकी ओट्यावर लसूण सोलत बसल्या होत्या, त्यांना विचारलं. काकी म्हणाल्या, "मलमास लग्यो है बेटा. इण महीना की गिनती नी होय. नी ब्याव, नी मुंडन, कईं नी." मला पटलं. ज्या महिन्याची गिनती नाही त्याच्या अमावास्येला गाठ कशी मारायची? मी धागा परत डबीत ठेवला. सहावी गाठ पुढच्या अमावास्येला मारली, सर्वपित्रीला. विसरले नव्हते मी, कंटाळाही केला नव्हता. चांगला विचार करून केलं होतं.

मग काय, घटस्थापनेला आमचा नव्याचा सण झाला आणि दसऱ्याला आम्ही दार लावून बसलो. आत्या म्हणाली, "मागल्या वर्षीही दसऱ्यालाच होतं की." होतंच, म्हणून कोणाला शंका आली नाही. बाहेर ढोल, रावण जाळायची गडबड, कोपऱ्यावरच्या जलेबीचा वास खिडकीच्या फटीतून आत येतोय आणि आम्ही पाच जण पांढऱ्या कपड्यांत, ओठ कोरडे पडलेले. दुपारी दीनाला घेरी आली तर आई तिच्या कपाळावर ओला हात ठेवून बसली, पाणी दिलं नाही, तिने मागितलंही नाही. कॉलनीतल्या मराठी घरांना माहीत होतं की आमचं दार बंद असलं की ठोठावायचं नाही. त्यांनी आपट्याची पानं उंबऱ्याबाहेर ठेवली आणि गेले. दुसऱ्या दिवशी दार उघडलं तर हा एवढा ढीग.

दिवाळीनंतर दीनाला बघायला ठाण्याचे पाहुणे आले. दीना तेव्हा सव्वीस पूर्ण झालेली. याआधी दोन स्थळं आली होती, दोघांनीही इतक्या लांब, हिंदी मुलखातल्या घराशी सोयरीक नको म्हणून कळवलं होतं. आमच्यात मुलं थोडी, त्यातली निम्मी इस्राएलला निघालेली. हे तिसरं स्थळ. मुलगा एझ्रा, त्याची आई सिम्हाबाई, आणि वडील नव्हते म्हणून मामा, बेंजामिनमामा. मामा ठाण्याच्या मशिदीत प्रार्थना म्हणायला उभे राहणारे, करडी दाढी, चहाच्या कपाला हात लावायच्या आधी ओठांतल्या ओठांत काहीतरी पुटपुटणारे. एझ्रा आणि दीना यांना दहा मिनिटं गच्चीवर पाठवलं. दीना खाली आली तेव्हा ओठ चावून हसू दाबत होती. मी तिला ओळखते, तिला मुलगा आवडला होता. मागच्या दोन वेळी ती खाली येऊन सरळ भांडी घासायला बसली होती.

आईने पोह्यांचा मलिदा केला होता, ओलं खोबरं, साखर, वेलची, वर फळांच्या फोडी. सिम्हाबाई खाता खाता म्हणाल्या, "इथे मशीद नाही, प्रार्थनेला लागणारी दहा माणसं नाहीत. दार फळणीचा सण करता तरी कसा तुम्ही?"

आत्या याच प्रश्नाची वाट बघत असावी. पदर सावरून म्हणाली, "करतो तर. दसऱ्याचा दिवस, बाहेर एवढे ढोल, आणि आम्ही आत. कोणी थेंब घेतला नाही."

मामांनी बशी खाली ठेवली. "दसऱ्याला?"

"हो."

"बाई, तो महिन्यापूर्वी झाला. दसऱ्याला कुठला? आमच्याकडे तोवर सगळे सण उरकले होते."

बाबांनी कॅलेंडर आलं नाही वगैरे सांगायला सुरुवात केली. मामा हळू आवाजातच बोलले, रागावले नव्हते, म्हणून जास्त लागलं. "एलिझरभाई, वर्षातला सगळ्यात मोठा दिवस. तोच माहीत नसेल तर बाकीचं घरात कसं चालत असेल, असा विचार मनात येणारच. मुलगी चांगली आहे, त्याबद्दल काही नाही." सिम्हाबाईंनी भावाकडे बघितलं, एझ्राने चपलांकडे. मग ते उठले. कळवतो म्हणाले. कळवतो याचा अर्थ आमच्या घरात आता सगळ्यांना पाठ होता.

त्यानंतरचे दिवस मला नकोसे वाटतात आठवायला. दीना गच्चीवर कपडे वाळत घालायला जायची ती तासभर खाली यायची नाही. आणि आत्या बदलली. पहिल्या शुक्रवारी दिवा लावायच्या वेळी तिने पेला हातात धरला आणि आईला विचारलं, "आज शुक्रवारच ना ग?" पुढच्या शुक्रवारी परत तेच. जिला कधी कोणी वार सांगितला नव्हता ती बाई आता दर वेळी विचारायला लागली. आई हो म्हणायची आणि तिकडे तोंड फिरवायची.

मला मात्र एकच प्रश्न पडला होता, आणि खरं सांगते, त्यात दुःखापेक्षा कुतूहल जास्त होतं. धाग्यावर सहा गाठी होत्या. मी स्वतः मारल्या होत्या. आत्याची पद्धत आजवर चुकली नव्हती. मग चंद्र चुकला का? बाबांना म्हटलं, हे कोणाला तरी विचारू या. बाबांच्या कारखान्यातल्या एका मित्राचे वडील धारला राहायचे, त्यांना सगळे धारचे नाना म्हणत. जुनं घराणं, पूर्वी संस्थानच्या नोकरीत होतं, आता नाना लोकांचे मुहूर्त काढून द्यायचे. रविवारी बाबा मला घेऊन गेले. देवासहून इंदूर, इंदूरहून दुसरी बस, मी धाग्याची डबी मांडीवर धरून बसलेली. नाना जवळच्या तिरल्या गावच्या शेतावरून नुकतेच आले होते, पायाला माती होती. त्यांनी पाय धुतले, पंचा खांद्यावर टाकला आणि म्हणाले, "हं, सांगावं."

बाबांनी सगळं सांगितलं. नानांनी मध्ये एकदाही नवल दाखवलं नाही, जणू आठवड्याला दोन बेने इस्राएल त्यांच्याकडे येत असत. त्यांनी पंचांग उघडलं. "बाळ, चैत्री पौर्णिमेपासून मोज. मी अमावास्या सांगतो, तू गाठ धर."

चैत्र. वैशाख. ज्येष्ठ. आषाढ. श्रावण. माझ्या बोटांत पाचवी गाठ होती. "अधिक भाद्रपद," नाना म्हणाले. मी बोट हलवलं नाही. "पुढे सरक."

"नाना, तो मलमास होता. त्याची गिनती नसते."

नानांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "कशात नसते?"

"कशातच नसते. काकी म्हणाल्या."

"लग्नामुंजीत नसते. तो महिना आमच्या कार्यांना चालत नाही. आकाशाला चालतो. चंद्र काय महिनाभर घरी बसला होता?"

तेव्हा मला कळलं. सगळं एकदम नाही, आधी बोटांना कळलं, कारण सहावी गाठ पुढच्या अमावास्येची होती आणि मधली जागा मोकळी होती. मी बाबांकडे बघितलं नाही. ते माझ्याकडे बघत होते एवढं जाणवत होतं. नाना मात्र भलतेच रंगात आले. त्यांनी बाबांना विचारलं, "तुमच्यात अधिक महिना येतो?" बाबा म्हणाले, येतो, होळीच्या सुमाराचा महिना काही वर्षी दोनदा धरतात, छापील कॅलेंडरात असतो. "का धरतात?" ते बाबांना माहीत नव्हतं. नाना म्हणाले, "मी सांगतो. चंद्राचं वर्ष सूर्याच्या वर्षाहून अकरा दिवस लहान. महिना घातला नाही तर तुमचा वसंतातला सण हळूहळू थंडीत जाईल. आमचाही जाईल. म्हणजे तुमच्याकडेही कोणीतरी आमच्यासारखंच वर बघत बसलं होतं." त्यांनी पंचांगाच्या समासात पेन्सिलीने काहीतरी टिपून ठेवलं. आम्हाला गुळाचा चहा दिला. निघताना माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "गाठ राहिली, धागा तुटला नाही." मला त्याने बरं वाटायला हवं होतं, पण वाटलं नाही.

परतीच्या बसमध्ये बाबा खिडकीबाहेर बघत होते. इंदूर आलं तेव्हा म्हणाले, "आत्याला मी सांगणार नाही." मी म्हटलं, मी सांगते. "आणि दीनाला?" मी म्हटलं, तिलाही. ते म्हणाले, "बरं," आणि मला शेंगदाणे घेऊन दिले. बाबांनी मला त्याबद्दल आयुष्यात पुन्हा कधी एक शब्द ऐकवला नाही. आता ते नाहीत, म्हणून लिहून ठेवते.

आत्या तांदूळ निवडत होती, म्हणजे बोटांनीच, डोळ्यांनी तिला खडा दिसत नव्हता. मी समोर बसले आणि सांगितलं.

"गाठी किती?" तिने विचारलं.

"सहा."

"आणि अमावास्या?"

"सात झाल्या होत्या."

ती तांदूळ फिरवत राहिली. "म्हणजे मी चुकले नाही."

"नाही आत्या. मी चुकले."

"तू चुकलीस ते ऐकलं मी. मी चुकले नाही, ते जरा मला नीट ऐकू दे." आणि तिने सूप बाजूला ठेवलं, भिंतीला पाठ टेकली. थोड्या वेळाने तिने माझा हात ओढून घेतला, धाग्यावर ठेवला आणि पाचवी आणि सहावी गाठ यांच्यामधली मोकळी जागा माझ्या बोटाने मला दाखवली. "इथे," ती म्हणाली. एवढीच शिक्षा.

ठाण्याला लिहावं की नाही यावर मात्र घरात वाद झाला. आई म्हणाली, शेजारणीला विचारून सण ठरवला असं कळलं तर उरलीसुरली आशाही जाईल. दीना गच्चीवरून खाली येत होती, जिन्यातच थांबून म्हणाली, "लिही ग रूथी. नाही म्हणायचंच असेल तर खरं ऐकून म्हणू देत." मी त्या रात्री जेवले नाही, पण पत्र लिहिलं. माझ्या आयुष्यातलं पहिलं मराठी पत्र, एका पानात किती हिंदी होतं ते देवालाच माहीत. लिहिलं की आमच्या आत्याला सगळं बरोबर येतं, धागा माझ्याकडे होता, मी मलमासाची गाठ मारली नाही, तेव्हा चूक माझी धरावी, आत्याची आणि दीनाची धरू नये. खाली माझं पूर्ण नाव लिहिलं. आत्यानेही हट्टाने आपली सही, तो मासा, माझ्या नावाशेजारी काढला. तिला दिसत नव्हतं, शेपटी कागदाबाहेर गेली.

तीन आठवडे काही नाही. मग एक दिवस पोस्टमनने घंटी दाबली, अर्थात वाजली नाही. सिम्हाबाईंचं पत्र होतं. दीनाने मला दिलं, तू वाच म्हणाली. त्यात सिम्हाबाईंनी लिहिलं होतं की ठाण्याच्या मशिदीत पंखे आहेत, भरपूर माणसं आहेत, भिंतीवर कॅलेंडर आहे, आणि त्यांचा मुलगा उपासाच्या दिवशी दुपारी मित्रांबरोबर बाहेर जाऊन चहा पिऊन आला, त्याला वाटतं आईला कळलं नाही. "तुम्ही पाच जण चुकीच्या दिवशी का होईना, पाण्यावाचून बसलात. माझं मत झालं आहे. पण बेंजामिनला तुमच्या आत्याबाईंशी स्वतः बोलायचं आहे, त्याचं अजून झालेलं नाही. आम्ही जानेवारीत येतो." दीना पत्र घेऊन परत गच्चीवर गेली. या वेळी लवकर खाली आली.

जानेवारीत थंडी मरणाची होती. मामा मफलर गुंडाळून आले, हातात नवं कॅलेंडर, गुंडाळी करून आणलेलं. सरळ आत्यासमोर खुर्ची ओढून बसले. म्हणाले, "आत्याबाई, या वर्षाचं आहे. पण आधी तुम्ही सांगा, मी पडताळतो." आम्ही सगळे भोवती उभे. दीना स्वयंपाकघराच्या दारात, हातात चहाचा ट्रे, आणि एझ्रा तिच्याकडे बघायचं टाळत तिच्याकडेच बघत होता.

आत्या सांगत गेली. होळीचा सण, म्हणजे होळीच्या सुमाराला येणारा आमचा सण, या पुनवेला, अनाशी त्या पुनवेला. मामा कॅलेंडर बघत, मी शेजारी आमचं पंचांग बघत. जुळत होतं. या वर्षी अधिक महिना नाही, तो मधे येत नाही, तेही तिने सांगितलं, मला ऐकू जाईल अशा आवाजात. मग नव्याचा सण. आत्या म्हणाली, "सहाव्या अमावास्येच्या दुसऱ्या दिवशी." मी पंचांगात बघितलं, अमावास्या मंगळवारी होती. मामांनी कॅलेंडरवर बोट ठेवलं आणि मान हलवली.

"बुधवारी नाही. गुरुवारी आहे."

आई पुढे झाली, पण मामांनी हात वर केला. "थांबा, चूक नाही. त्यांचा चंद्र बरोबर आहे. नियम आहे आपल्यात. नवं वर्ष बुधवारी धरलं तर दहावा दिवस शुक्रवारी येतो. उपासाला लागून शनिवार, दोन दिवस घरात चूल नाही. म्हणून मोठ्या जाणत्यांनी फार पूर्वी ठरवलं की अशा वर्षी एक दिवस पुढे ढकलायचं. सगळ्या जगातले आपले लोक तसंच करतात."

आत्याने हे सगळं नीट ऐकून घेतलं. कपाळाला आठी घातली, मान एका बाजूला कलती केली, मग दुसऱ्या. मामा वाट बघत होते, आम्हीही.

"बरं," आत्या म्हणाली. "आणि हे चंद्राला कळवलंत?"

मामांनी मफलर सोडला. आधी त्यांची दाढी हलायला लागली, मग खांदे, आणि मग ते इतके हसले की डोळे पुसायला त्यांना तोच मफलर घ्यावा लागला. हसता हसताच त्यांनी दीनाला हाताने खूण केली, ट्रे घेऊन आत ये म्हणून.